दिवा लुकलुकलाही नाही, मग कॉम्प्युटर का बंद पडला?

इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत लाइट गेल्याचं आधी कानांना कळतं. घराघरातले इन्व्हर्टर ‘टक्’ करतात, मग त्यांच्यातल्या ट्रान्सफॉर्मरची बारीक घरघर सुरू होते. पंखा फिरत राहतो, दिवा जळत राहतो. शेजारच्या काकूंकडे मात्र त्या ‘टक्’च्या पाठोपाठ मुलाची हाक यायची, “आई, गेलं सगळं!” तो घरून काम करतो, इमारतींची थ्रीडी चित्रं बनवतो. एकेका चित्राला कॉम्प्युटर तीन-चार तास राबतो आणि त्यातच तो बंद पडायचा. दर वेळी नाही, हे आणखी त्रासदायक. चार वेळा लाइट जाऊनही काही व्हायचं नाही आणि पाचव्या वेळी दगा. इन्व्हर्टरवाला म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये दोष आहे. कॉम्प्युटरवाला म्हणाला, इन्व्हर्टरमध्ये आहे. काकूंनी बॅटरीही बदलून पाहिली. त्या बॅटरीचे पैसे वाचायला हवे होते असं मला आजही वाटतं, कारण दोन्ही यंत्रं ठणठणीत होती. गडबड त्या दोघांच्या मधल्या फटीत होती.

लाइट गेल्यापासून इन्व्हर्टरची वीज सुरू होईपर्यंतची ही फट मिलिसेकंदांत मोजतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवायलाही 100 मिलिसेकंदांहून जास्त लागतात, त्यामुळे 10-20 मिलिसेकंदांचा अंधार डोळ्यांना सहसा जाणवत नाही. पण हा काळ सगळ्यांसाठी सारखाच छोटा नसतो. आमच्या घरापासून जवळच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 हे यंत्र आहे. त्यात सुमारे 172 मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात. 10 मिलिसेकंदांत ते 17,000 हून अधिक फेऱ्या मारतात. कॉम्प्युटरचा प्रोसेसरही एवढ्या वेळात कोट्यवधी पायऱ्या पार करतो. आपल्याला जे काहीच वाटत नाही, ते त्याच्यासाठी लांबलचक उपाशी राहणं असू शकतं.

इन्व्हर्टरमध्ये ही फट राहतेच कशाला? तर ती मुद्दाम ठेवलेली असते. इन्व्हर्टरच्या पोटात रिले नावाचा विजेवर चालणारा खटका असतो. घराची तार एका वेळी एकाच बाजूला जोडायची, एकतर रस्त्यावरून येणाऱ्या विजेला नाहीतर बॅटरीला, एवढंच त्याचं काम. आधीचा हात सोडल्याशिवाय दुसरा धरायचा नाही, हा त्याचा नियम. हा नियम मोडला तर बॅटरीतून बनलेली वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत शिरेल. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्ट उतरवून घरांना देतो. त्याला घराच्या बाजूनं वीज मिळाली, तर तो तितक्याच इमानानं ती चढवून पलीकडे 11,000 व्होल्ट तयार करू शकतो. आणि तिथे बंद लाइनवर काम करणारा लाइनमन चढलेला असतो. छतावर सोलर बसवलेले लोक विचारतात, ऊन असूनही लाइट गेल्यावर आमचं सोलर का बंद होतं? कारण हेच. बॅटरीशिवायच्या सोलर इन्व्हर्टरनं रस्त्यावरची वीज गेल्यावर दोन सेकंदांच्या आत थांबायचं, असा दंडकच आहे.

तर फट हवी. प्रश्न ती किती मोठी असावी आणि तिच्यात कोण तग धरतं याचा आहे.

पहिला वेळ जातो तो ओळखण्यात. आपली घरगुती वीज 230 व्होल्टची, 50 हर्ट्झची. तिची लाट सेकंदाला 50 आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावरून जाते. म्हणजे सर्व काही सुरळीत असतानाही तारेतला दाब (व्होल्टेज) सेकंदाला 100 वेळा शून्य होतो. इन्व्हर्टरला शून्य दिसलं म्हणून ‘लाइट गेली’ असं म्हणता येत नाही. लाट पुन्हा वर येते का, हे पाहायला त्याला काही मिलिसेकंद थांबावंच लागतं. फारच उतावीळ इन्व्हर्टर दिवसभर उगाच खडखडत राहील.

दुसरा वेळ रिलेचा. तारेच्या वेटोळ्याचं लोहचुंबक आणि त्यानं ओढली जाणारी पट्टी, ही रिलेची रचना 1835 च्या सुमारास जोसेफ हेन्रीनं दाखवली आणि गाभ्यात आजही तीच आहे. पट्टीला वजन आहे, स्प्रिंगला ताण आहे. एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला टेकायला तिला काही मिलिसेकंद लागतात आणि टेकल्यावरही ती चेंडूसारखी बारीक उड्या मारते. त्यात आणखी एक गंमत आहे. वेटोळ्यातला प्रवाह तोडताना जो जोराचा दाब उसळतो, त्यापासून सर्किट वाचवायला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा एक भाग, लावतात. हाच डायोड प्रवाहाला फिरायला वाट देतो, चुंबकत्व हळू ओसरतं आणि पट्टी थोडी उशिरा सुटते. एकीकडे सुरक्षा दिली की दुसरीकडे मिलिसेकंद मोजावे लागतात. घरगुती इन्व्हर्टरवर मोड बदलायचं बटण असतं. त्यातल्या झटपट ‘यूपीएस’ मोडमध्ये हे सगळं मिळून साधारण 10 ते 15 मिलिसेकंदांत उरकतं. ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ मोडमध्ये 20 ते 40 मिलिसेकंदही जाऊ शकतात.

आता पलीकडची बाजू. पंख्याची पाती जडत्वावर फिरत राहतात. जुन्या पिवळ्या बल्बची तार इतकी तापलेली असते की तेवढ्यात ती निवत नाही. चांगल्या एलईडी बल्बमध्ये थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो, स्वस्तातल्यात बहुधा नसतो, म्हणून तो लुकलुकतो. कॉम्प्युटरलाही कपॅसिटरच तारतो आणि तो समजायला इंदूरकरांना वेगळं उदाहरण नको. आपल्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात आणि घर चालतं हौदावर. कॉम्प्युटरच्या साध्या एसएमपीएसमधला, म्हणजे भिंतीतली वीज त्याला हवी तशी करून देणाऱ्या पेटीतला, मोठा कपॅसिटर म्हणजे असाच हौद. फरक इतकाच की त्याचा नळ सेकंदाला 100 वेळा येतो आणि दर वेळी अगदी थोडा वेळ, लाट शिखरावर असताना. 230 व्होल्टच्या लाटेचं शिखर सुमारे 325 व्होल्टवर असतं, हौद तिथवर भरतो. दोन शिखरांच्या मध्ये कॉम्प्युटर हौदातलंच पितो.

आकडे घालून पाहू. समजा कपॅसिटर 220 मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या साठवणक्षमतेचं माप) आहे. 325 व्होल्टला त्यात साधारण 11.6 ज्यूल ऊर्जा मावते. दाब 220 व्होल्टच्या खाली गेला की एसएमपीएस हात टेकतो असं धरू. त्या पातळीला 5.3 ज्यूल उरलेले असतात, पण ते हौदाच्या तोटीखालचं पाणी, उपयोगाचं नाही. वापरता येतात 6.3 ज्यूल. कॉम्प्युटर 200 वॅट ओढत असेल तर ते 31 मिलिसेकंद पुरतात. 400 वॅट ओढत असेल तर जेमतेम 16.

काकूंच्या मुलाच्या ‘कधी होतं, कधी नाही’चा पहिला धागा इथे सापडला. तो नुसता मेल वाचत असताना लाइट गेली तर कॉम्प्युटर टिकायचा. चित्र शिजत असताना, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही पूर्ण जोरात असताना गेली तर पडायचा. दुसरा धागा नशिबाचा आहे. लाइट शिखरानंतर लगेच गेली तर हौद काठोकाठ असतो, पुढचं शिखर येण्याच्या ऐन आधी गेली तर जवळपास 10 मिलिसेकंदांचं पाणी आधीच संपलेलं असतं. लॅपटॉपला यातलं काहीच लागू नाही. त्याची बॅटरी कायम जोडलेलीच असते, मध्ये खटका नाही, म्हणून फटही नाही.

मला फट प्रत्यक्ष पाहायची होती. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला 240 चित्रं टिपता येतात, म्हणजे दर चित्र सुमारे 4 मिलिसेकंदांचं. इन्व्हर्टरच्या लाइनवर एक स्वस्तातला एलईडी झीरो बल्ब लावला, त्याच्यासमोर मोबाइल टेकवला आणि इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग स्विच बंद केला. मुख्य पेटीला हात लावायची गरज नाही आणि लावूही नये. असा बल्ब एरवीही सेकंदाला 100 वेळा मंद होतो, चित्रांत ती थरथर दिसतेच. पण त्या थरथरीत एका जागी सलग चार चित्रं पूर्ण काळी आली. म्हणजे 17 मिलिसेकंदांच्या आसपास. चार-पाच वेळा केलं, थोडं इकडे-तिकडे. मुलानं मुद्दाम जड काम लावून ठेवलं होतं आणि कॉम्प्युटर एकदाही पडला नाही.

आम्ही दोघंही कोड्यात पडलो. मग खरी लाइट जाते तेव्हाच तो का पडतो?

कारण स्विच बंद करणं आणि खरी लाइट जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्विच वीज चाकूनं कापल्यासारखी तोडतो. मृगाच्या वाऱ्यात झाडाची फांदी तारेवर टेकते तेव्हा दाब एकदम शून्य होत नाही, आधी तो कोसळतो. वीज उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे आपोआप लाइन तोडणारा मोठा स्विच, दोष ओळखून तार तोडेपर्यंत काही आवर्तनं जातात आणि तेवढा वेळ आपल्या घरात 230 ऐवजी, समजा, 140 व्होल्ट असतात. आता गंमत पाहा. नॉर्मल मोडमधला इन्व्हर्टर साधारण 100 व्होल्टपर्यंतची वीज ‘चालेल’ म्हणून स्वीकारतो. तो गप्प बसून राहतो. पण 140 व्होल्टच्या लाटेचं शिखर 198 व्होल्टवरच संपतं. ते आपल्या हौदाच्या 220 व्होल्टच्या पातळीपर्यंत पोहोचतच नाही. नळ चालू दिसतो आणि हौदात थेंब पडत नाही. मग ब्रेकर लाइन तोडतो, रिले ‘टक्’ करतो, पण तोवर कॉम्प्युटर गेलेला असतो. ज्या फटीला आपण 17 मिलिसेकंद समजत होतो, तिची सुरुवात ‘टक्’च्या कितीतरी आधी झालेली होती.

गल्लीतल्या मोटरींचाही यात वाटा असतो. सकाळी नर्मदेचे नळ आले की घरोघरी मोटरी चालू होतात. त्याच वेळी वरून वीज तुटली, तर फिरत्या मोटरी क्षणभर जनित्रासारख्या वागतात. उरलेल्या चुंबकत्वावर आणि आपल्या वेगावर त्या तारेत थोडा दाब टिकवून धरतात. तो ओसरत जातो, त्याची वारंवारताही मोटरीच्या वेगाबरोबर उतरत जाते. इन्व्हर्टरला वाटतं अजून वीज आहे. त्याच्या निर्णयाला तेवढा उशीर होतो.

लाइट परत येते तेव्हाही खटका फिरतो, पण तेव्हा चांगला इन्व्हर्टर घाई करत नाही. देशाच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते आणि ती सतत थोडी हलत असते. इन्व्हर्टर नेमका 50 वर आणि ग्रिड 49.95 वर असेल, तर दोन लाटा 20 सेकंदांत एकमेकींवरून पूर्ण एक फेरी सरकतात. बरोब्बर उलट असताना खटका फिरला तर पंखा आणि ट्रान्सफॉर्मर यांना जोराचा हिसका बसतो. म्हणून इन्व्हर्टर आपली लय किंचित कमी-जास्त करत ग्रिडबरोबर समेवर येतो आणि मगच हात बदलतो. लाइट येऊनही इन्व्हर्टर दहा-पंधरा सेकंद बॅटरीवर दिसतो, तो बिघाड नसतो.

काकूंच्या घरी पहिला उपाय फुकट होता. इन्व्हर्टरच्या मागचं बटण नॉर्मलवरून यूपीएसवर केलं. या मोडमध्ये तो साधारण 180 व्होल्टखालची वीज नाकारतो, त्यामुळे 140 व्होल्टची ती उपासमार सुरू झाली की लगेच बॅटरीवर जातो. कॉम्प्युटर पडणं थांबलं. पण मे महिन्याच्या संध्याकाळी, सगळ्यांचे कूलर आणि एसी चालू असताना, दाब तसाही खाली उतरतो. मग लाइट असूनही इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जाऊ लागला, बॅटरी अर्धी रिकामी व्हायला लागली आणि खरी लाइट गेली तेव्हा पंखा तासाभरातच थांबला. घरात आजी आहेत, त्यांच्यासाठी पंखा चित्रांहून महत्त्वाचा.

म्हणून बटण पुन्हा नॉर्मलवर नेलं आणि फक्त कॉम्प्युटरसाठी छोटा वेगळा यूपीएस घेतला. तो पाच-दहा मिनिटंच चालतो, पण त्याला भरायची असते फक्त फट. तासांचं काम मोठी बॅटरी करते. घेताना एक गोष्ट पाहिली, मोठा इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे रस्त्यावरच्या विजेसारखी गोलसर लाट देणारा, आहे ना. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरमागे असा यूपीएस लावला तर ती लाट त्याला वीजच वाटत नाही. तो स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि थोड्या वेळात संपतो. ऑनलाइन यूपीएसमध्ये तर फट शून्यच असते, कारण तो सगळी वीज आधी डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेची, करून बॅटरीशी जोडतो आणि तिथूनच पुन्हा घरातल्यासारखी लाटेची एसी बनवतो. पण त्यात दिवसरात्र थोडी वीज उष्णतेत जाते, पंख्याचा आवाज येतो आणि किंमत बरीच जास्त पडते. एका डेस्कटॉपसाठी मला ते पटलं नाही.

राहिला राउटर. तो पडला की पुन्हा उभा राहायला मिनिट-दोन मिनिटं घेतो आणि चालू मीटिंग तुटते. त्याला 12 व्होल्टचा डीसी मिनी यूपीएस जोडला, हाताच्या पंज्याएवढा. त्यात लिथियमची छोटी बॅटरी लॅपटॉपसारखी सतत जोडलेली असते. परवा वाऱ्यात दोनदा लाइट गेली. मुलाचं चित्र शिजत होतं, काकू दोन्ही वेळा उठून त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.