मेडिकल ‘फिट’ वेगळं, अंगानं ‘फिट’ वेगळं

पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना आमच्या शेजारचे कॅप्टनकाका तीनदा थांबले. तिसऱ्यांदा तर कठड्याला टेकून, कमरेवर हात ठेवून. माझा भाचा तोवर वर जाऊन परत खाली आला होता. “काका, पाणी आणू का?” त्यानं विचारलं. काकांना उत्तर द्यायलाही दम नव्हता.

गंमत अशी, की त्याच महिन्यात दोघांनीही क्लास वन मेडिकल (एअरलाइनच्या पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी) दिलं होतं. काकांचं वर्षभरासाठी झालं. भाच्याच्या कागदावर आलं ‘टेम्पररी अनफिट’.

भाचा काटक. उंची १७५ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. आठवड्यातून चार दिवस सायकलनं त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो. त्याच्या ईसीजीत पल्स आला ४६. डॉक्टरांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल टेस्ट आणि चोवीस तास हृदयाचे ठोके टिपणारं होल्टर करून आणायला सांगितलं. रात्री फोनवर जवळजवळ रडवेला: “मावशी, मी अनफिट आणि ते काका फिट?”

यात घोळ त्या ‘फिट’ शब्दाचा आहे. नाशिककरांचा तर तो जरा जास्तच होतो, कारण आपल्या डोळ्यांसमोरचा पायलट लष्करी असतो. ओझरच्या आकाशात सुखोई लढाऊ विमान गरजतं, इथल्या गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं शिकाऊ पायलटांना घेऊन घिरट्या घालतात. पायलट म्हणजे पिळदार जवान, हे डोक्यात पक्कं. लढाऊ विमानात ते खरंही आहे. ९ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भाराच्या, वळणात ८० किलोच्या माणसाचं वजन ७२० किलो झाल्यासारखं होतं. पाय आणि पोट आवळून धरता आलं नाही तर रक्त मेंदूतून खाली उतरतं आणि शुद्ध हरपते. प्रवासी विमान ३० अंशांत कललं तरी भार जेमतेम १.१५ जी. तिथं दंडाचे गोळे कुणी मोजत नाही.

मग एअरलाइनचं मेडिकल मोजतं काय? एकच गोष्ट: पुढच्या तपासणीपर्यंत हा माणूस कॉकपिटमध्ये अचानक निकामी होण्याची शक्यता किती. हार्ट अटॅक, फिट येणं (हा आणखी एक ‘फिट’, पण त्याचं राहू द्या), साखर एकदम उतरणं, भोवळ. युरोपातल्या विमान-वैद्यकात यासाठी ‘एक टक्क्याचा नियम’ प्रसिद्ध आहे. दोन पायलटांच्या विमानात एकाची अशी जोखीम वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आत असेल तर चालवून घेतात, कारण शेजारी दुसरा बसलेला असतो. म्हणून तपासतात ईसीजी, रक्त, लघवी, कान, डोळे, रंगांधळेपणासाठी रंगांचे ठिपके. प्रत्येक डोळ्याची दूरची नजर ६/९ हवी, चष्मा लावून चालतं. जोर काढायला कुणी सांगत नाही. क्लास वनचा कागद साधारण वर्षभर टिकतो, साठीनंतर सहा महिने.

तंदुरुस्तीचा प्रश्न दुसराच आहे: तुमचं शरीर आज काय काय करू शकतं? पायऱ्या चढू शकतं का, पहाटे तीनला लँडिंग करताना तल्लख राहतं का, विमान रिकामं करायची वेळ आली तर लोकांना ओढून बाहेर काढू शकतं का. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

भाचा अडकला तो या दोन प्रश्नांच्या फटीत. वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून विश्रांतीत ठोके कमी लागतात. पण हृदयातली विजेची वायरिंग बिघडली तरीही पल्स असाच मंदावतो. ईसीजीच्या कागदावर सायकल दिसत नाही. तेव्हा डॉक्टरांनी व्यायामात पल्स नीट वर चढतो का ते बघायला सांगितलं, यात अन्याय काही नव्हता. हे भाच्याला पटायला दोन दिवस आणि एक मिसळ लागली.

आता वजन. ते या दोन्हींच्या मध्ये लुडबुडतं आणि दोन्हीकडे फसवतं. काकांची उंची १७०, वजन ८४, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) २९. भाच्याच्या जिममधला एक मुलगा १७८ सेंटीमीटर, ९५ किलो; बीएमआय ३०, पोटावर चरबीचा थर नाही. काट्यावर तो काकांपेक्षा ‘लठ्ठ’. त्यापेक्षा नाभीपाशी टेप लावून बघावं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या पुढे धोका धरतात, बायकांसाठी ८०. बीएमआयची रेषाही आपल्याकडे खालच्या आकड्याला ओढलेली आहे: २३ ला जादा वजन, २५ ला लठ्ठपणा. बारीक हातापायांवर गरगरीत पोट हा आपला खास नमुना, आणि साखर-बीपी तिथूनच सुरू होतं. मेडिकलच्या आदल्या पंधरा दिवसांत नुसत्या ताकावर राहणारे पायलट ऐकून आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्यांचीच ही जात.

वजन विमानाला खरोखर जड होतं ते फक्त शिकताना. सेस्ना १५२ या शिकाऊंच्या छोट्या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन ७५७ किलो. टाकी भरली की दोन माणसांसाठी जेमतेम १७०-१८० किलो उरतात. मास्तर आणि चेला दोघंही नव्वद किलोचे असले तर इंधन कमी करावं लागतं. ७० टनांच्या पुढच्या एअरबसला काकांच्या पोटाची दखलही नसते.

पण एका ठिकाणी पोट आणि मान थेट कॉकपिटात येतात, ते म्हणजे झोप. मान जाड झाली की झोपेत घशातली वाट मिटते, श्वास थांबतो, मेंदू दचकून उठवतो, रात्रभर हेच. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. जाग्या माणसाच्या ईसीजीत तो दिसत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाई बेटांवर होनोलुलूहून हिलोला निघालेल्या ‘गो!’ या एअरलाइनच्या विमानाचे दोन्ही पायलट झोपले आणि विमान मुक्काम ओलांडून २६ नॉटिकल मैल पुढे गेलं. कॅप्टनला तीव्र स्लीप ॲप्निया असल्याचं नंतर कळलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं (तिथली विमान वाहतुकीची नियामक संस्था) बीएमआय ४० च्या वरच्या पायलटांची झोप तपासायचं ठरवलं, तर पायलट मंडळी खवळली आणि ते मागं घ्यावं लागलं. २०१५ मध्ये सौम्य नियम आले, त्यात नुसत्या बीएमआयवर कुणाला अपात्र ठरवत नाहीत. माझ्या मते खवळणं चूक नव्हतं, पण झोप तपासणं टाळणं चूकच.

भाच्याचे रिपोर्ट नॉर्मल आले. ट्रेडमिलवर पल्स झकास चढला. त्या आनंदात सगळे मिसळ खायला गेलो. रस्सा दुसऱ्यांदा मागवताना काकू सहज म्हणाल्या, “हे घोरता घोरता मध्येच गप्प होतात. मी अंधारात मोजत बसते. परवा पंधरापर्यंत गेले.”

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. “काका, एकदा स्लीप स्टडी करून घ्या ना.”

काकांनी जिलबीची प्लेट पुढं ओढली. “अरे, आत्ताच तर मेडिकल झालंय माझं.”