पार्श्वभूमी : तागाताच्या देवाच्या कथेत लिंग शेताच्या पाटाशी

जपानच्या आइची प्रांतात, नागोयाजवळच्या कोमाकीत, दरवर्षी 15 मार्चला सुमारे अडीच मीटर लांबीचं लाकडी पुरुषलिंग पालखीत घालून मिरवत तागाता या शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) देवस्थानी नेतात. हिनोकी या जपानी सायप्रसच्या लाकडातून ते दरवर्षी नव्यानं कोरलं जातं. पालखीचे भोई 42 वर्षांचे. पुरुषांसाठी हे वय तिकडे वाईट मानतात. रस्त्याकडेला साके (तांदळाची दारू) वाटतात, शेवटी गर्दीत मोची (चिकट तांदळाचे गोळे) उधळतात. परदेशी पाहुणे फोटो काढून हसतात आणि हा संतानप्राप्तीचा उत्सव समजून परततात. ते अर्धंच खरं आहे.

इथल्या दोन देवता म्हणजे मितोशी आणि तामाहिमे. मितोशी भातपिकाचा देव. त्याची गोष्ट इम्बे नो हिरोनारी या वृद्ध पुरोहितानं 807 साली सम्राट हेइझेइला सादर केलेल्या 'कोगो शूई' या जुन्या कथा-परंपरांच्या ग्रंथात येते. पेरणीच्या वेळी जमिनीच्या एका देवानं शेतकऱ्यांना गोमांस खाऊ घातलं. मितोशीचा मुलगा तिथं आला, त्या जेवणावर थुंकला आणि बापाला सांगायला गेला. चिडलेल्या मितोशीनं शेतात कीड सोडली, रोपं करपली. मग पांढरं डुक्कर, पांढरा घोडा, पांढरा कोंबडा वाहून त्याला शांत केलं, तेव्हा त्यानंच कीड घालवायची कृती सांगितली : भांगेच्या झाडाच्या पानांनी शेत झाडा, पंख्यानं वारा घाला. एवढ्यानं भागलं नाही तर पाटाच्या तोंडाशी गोमांस ठेवा, त्याच्या जोडीला पुरुषलिंगाचा आकार करून मांडा, आणि अक्रोडाची पानं नि मीठ बांधांवर पसरा.

म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरात लिंग मूल होण्यासाठी नाही, कीड हटवण्यासाठी आहे. तागाताचा सोहळा थेट या कथेतून निघाला असं म्हणता येणार नाही, पण देव तोच आणि काळही शेतीची कामं सुरू होण्याआधीचा.

तामाहिमेमुळे माणसांची बाजू जोडली जाते. पूर्वेकडच्या लष्करी मोहिमेत नवरा मरण पावल्यावर ती माहेरी परतली आणि मुलं वाढवली, अशी तिची आख्यायिका आहे. शेजारच्या इनुयामातल्या ओआगाता देवस्थानी योनीरूपाची पूजा होते. तिथला उत्सवही मार्चमध्येच.

सम्राट मेइजीच्या काळातल्या सरकारला पाश्चात्त्यांपुढे या गोष्टींची लाज वाटू लागली आणि 1872 च्या सुमारास अशा प्रतिमा हटवण्याचे हुकूम निघाले. गावोगावची कितीतरी लिंगं तेव्हा गेली. तागाताला मात्र आजही मूल हवं असलेली जोडपी येतात आणि लाकडी लिंगं वाहून जातात.