सामुदायिक डिजिटल मौखिक इतिहास

एखाद्या वस्तीने किंवा व्यवसायातील लोकांनी आपल्याच माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा डिजिटल संग्रह उभारण्याची पद्धत. अमेरिकी इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेला मौखिक इतिहासाचा उपक्रम मुख्यतः नामवंतांभोवती फिरत होता. कामगार आणि स्त्रियांकडे ही पद्धत नंतर वळली. मुंबईत १९८८ साली स्थापन झालेल्या ‘स्पॅरो’ संस्थेने स्त्रियांच्या मुलाखती जमवल्या, तर नीरा आडारकर व मीना मेनन यांचा गिरणगावच्या मौखिक इतिहासाचा इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये आला.

लालबाग-परळच्या चाळीत हे काम शिकू पाहणाऱ्याला पहिला अडथळा येतो तो आवाजाचा. पंखा बंद केला की घामाच्या धारा, चालू ठेवला की मुद्रणात घरघर. त्यात शेजारच्या कुकरची शिट्टी. दुपारची जेवणे उरकल्यानंतरची वेळ त्यातल्या त्यात बरी. साधा मोबाइल आणि कॉलरला लावायचा स्वस्त माइक पुरतो. मूळ मुद्रण मात्र शक्यतो डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात ठेवावे. फाइल लहान करण्यासाठी एमपीथ्रीत गाळला गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही.

यंत्र एका दिवसात हाताळता येते, प्रश्न विचारायला वेळ लागतो. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटले की ‘आमचं काय सांगायचं, गेलं गिरणीत’ एवढ्यावर गाडी थांबते. ‘पहिल्या पाळीला निघताना डब्यात काय असायचं?’ असे विचारले तर खानावळवाली, गावकऱ्यांचा गाळा (सामाईक खोली), आळीपाळीने झोपणारी माणसे आणि महिनाअखेरची उधारी आपोआप येते. आजी बोलत असताना आजोबा शेजारी बसले, तर उत्तरे बहुधा आजोबाच देतात. दोघांची बैठक वेगळी ठेवावी.

नवशिक्याला सर्वांत जास्त छळतात त्या तारखा. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, हे कागदावर आहे. तो संपला केव्हा? सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्यामुळे कोणी आपली गिरणी बंद पडल्याचे साल सांगेल, तर कोणी गावी परतल्याचे. ही उत्तरे दुरुस्त करायची नसतात. इटलीच्या तेर्नी शहरातील एका कामगाराचा मृत्यू १९४९ साली झाला. सहकाऱ्यांच्या आठवणीत मात्र तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात सरकला. मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या चुकीलाच, ती घटना कामगारांच्या लेखी काय होती याचा पुरावा मानले. शब्दांकनात सांगितलेले साल तसेच ठेवून टीप वेगळी जोडावी.

बोलीचेही तसेच. मालवणी किंवा सातारी बोलणे प्रमाण मराठीत ‘सुधारले’ की बोलणारा माणूस नाहीसा होतो. ‘बदली’, ‘साचा’, ‘भोंगा’ या शब्दांची सूची मात्र सोबत द्यावी, कारण गिरणीतला ‘बदली’ म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणारा, पण नातवंडांना ती ट्रान्सफर वाटते.

संमती दोनदा घ्यावी: मुद्रणापूर्वी आणि ते ऐकवल्यानंतर. संपकाळातल्या सावकाराचे नाव किंवा संप फोडून कामावर गेलेल्या शेजाऱ्याचा उल्लेख बोलण्याच्या ओघात निघून जातो. तो भाग झाकायचा की ठेवायचा, हे सांगणाऱ्याने ठरवावे. फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक मुंबईबाहेर; पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या तळमजल्यावरची हार्ड डिस्क हा संग्रह नव्हे. आणखी एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी, मोबाइलवर वाजेल अशा रूपात द्यावी. ती गॅलरीत वाजली की ‘असं नव्हतं रे ते!’ म्हणत शेजारचा कोणीतरी येऊन बसतो आणि पुढची मुलाखत ठरते.