मुंबई–कराची : अंतर तेच, वेळ वेगवेगळी

मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे 875 किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब पडते. थेट विमान असेल तर दीड तासाचे काम. पण थेट विमान नाही. म्हणून प्रवासी बहुधा दुबईमार्गे जातो. आधी 1,900 किलोमीटर पश्चिमेकडे, मग जवळपास 1,200 किलोमीटर उलटे पूर्वेकडे. हवेतच पाच तास, वर दुबईला ताटकळणे वेगळे.

एकेकाळी हा प्रवास एकाच इलाख्यातला होता. इंग्रजांनी 1843 मध्ये सिंध घेतला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. 1936 मध्ये सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईच्या सरकारकडे होता.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिग रोड विमानतळावरून निघाले, तेव्हाही ही व्यवस्था कायम होती. पस मॉथ हे एका इंजिनाचे छोटे विमान आणि त्यात टपालाच्या थैल्या. लंडनची डाक इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत यायची, पुढे ती दक्षिणेत न्यायचे काम टाटांनी घेतले होते. वाटेत अहमदाबादला उतरावे लागे. तिथे विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ही त्या उड्डाणाची सगळ्यात आवडती हकिकत. अहमदाबादच्या वळणामुळे अंतर हजार किलोमीटरच्या पुढे गेले. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले विमान दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निकामी व्हायचे, तेव्हा विमाने पुण्याला न्यावी लागत. सव्वासात तासांचा तो प्रवास आणि आजचा दुबईचा वळसा यांत, थांबा धरला, तर फारसा फरक उरत नाही. मला तरी हे फार विचित्र वाटते.

फाळणीनंतरही विमाने चालू होती. 1965 च्या युद्धात ती थांबली. 30 जानेवारी 1971 रोजी ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेले आणि तिथे जाळले गेले. भारताने लगेच पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी घातली. त्यामुळे कराची–ढाका विमानांना श्रीलंकेमार्गे वळसा घालावा लागला. हवाई संपर्क पुन्हा जुळायला 1976 उजाडले. मग संसदेवरील हल्ल्यानंतर 2002 आणि 2003 ही दोन वर्षे बंद, जानेवारी 2004 पासून पुन्हा सुरू.

मधल्या सुरळीत काळात, 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जे. आर. डी. यांनी लेपर्ड मॉथ हे तसेच छोटे विमान घेऊन एकट्याने पुन्हा कराची–मुंबई उड्डाण केले. पन्नास वर्षे झाली म्हणून! अशी परवानगी मिळणे आज कल्पनेतच शक्य आहे.

पुढे थेट फेऱ्या कमी होत गेल्या आणि थांबल्या. बालाकोटनंतर 2019 मध्ये पाकिस्तानने काही महिने आपली हवाई हद्द मिटली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. ही बंदी तिसऱ्या देशाच्या कंपन्यांना लागू नाही. म्हणून आखाती कंपन्यांची विमाने मुंबईलाही येतात आणि कराचीलाही, आणि मधल्या प्रवाशांचे भाडे त्यांच्याच खिशात जाते.