बाभळीचं शास्त्रीय नाव कसं आणि का बदललं

ज्यांनी कॉलेजात बॉटनी केलीय त्यांच्या डोक्यात बाभूळ म्हणजे अकेशिया निलोटिका हे पक्कं बसलेलं असतं. आता कुठल्याही नवीन डेटाबेसमध्ये शोधा, व्हॅचेलिया निलोटिका असं येतं, आणि खैर बघायला जावं तर तो सेनेगालिया कॅटेचू झालेला. हे कुणी केलं, कशासाठी केलं असं बरेच जण विचारतात, आणि "सायंटिस्ट लोकांना दुसरं काम नाही" असं म्हणून विषय सोडून देतात. पण यामागची गोष्ट खरंच समजून घेण्यासारखी आहे.

सुरुवात अर्थातच स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसपासून. 1753 साली त्याचा 'स्पीशीज प्लांटारम' हा ग्रंथ आला आणि वनस्पतींच्या नावांचा अधिकृत हिशोब तिथूनच धरतात. त्याने बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं, म्हणजे लाजाळू ज्या मिमोसात बसते त्याच प्रजातीत (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) बाभूळपण. पुढच्याच वर्षी लंडनच्या चेल्सी बागेचा प्रमुख फिलिप मिलर याने अकेशिया ही वेगळी प्रजाती मांडली. हे नाव त्याने नव्याने तयार केलेलं नव्हतं, जुने ग्रीक लोक इजिप्तमधल्या डिंक देणाऱ्या काटेरी झाडाला ते वापरायचे, आणि ते झाड म्हणजेच आपली बाभूळ. मग 1806 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनोने अकेशिया अरेबिका असं नाव दिलं (जुन्या पुस्तकांत हेच सापडतं), आणि 1813 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या डेलीलने लिनिअसचा 'निलोटिका' हा भाग परत घेऊन अकेशिया निलोटिका केलं. नियम असा की जातीचं सगळ्यात जुनं वैध नाव चालवायचं, म्हणून शेवटी अरेबिका मागे पडलं आणि निलोटिका राहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गडबड अशी झाली की अकेशियात जगभरातून भर पडत गेली, ऑस्ट्रेलियातून तर इतकी की एकूण आकडा 1300 च्या वर गेला आणि त्यातल्या जवळजवळ 1000 जाती एकट्या ऑस्ट्रेलियाच्या. एवढं सगळं एकाच कुळीतलं आहे का ही शंका जुनीच होती. 1986 मध्ये क्वीन्सलंडच्या लेस्ली पेडलीने सरळ तीन भाग करा असं मांडलं, आणि नंतर डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की हे गट खरंच एकमेकांचे सख्खे नाहीत, काही तर दुसऱ्याच प्रजातींच्या जास्त जवळचे आहेत.

आणि हा फरक लॅबमध्ये न जाताही बराचसा दिसतो, एकदा बघाच. बाभळीची फांदी हातात घेतली तर पानाच्या बुडाशी सरळ पांढरे काटे जोडीने असतात आणि फुलं म्हणजे पिवळेधमक गोल गोंडे. खैराचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वाकलेले, फुलं लांबट तुऱ्यात येतात. आणि रस्त्याकडेला, कोकणात, गोव्यात जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलीय तिला काटेच नाहीत, पानं कोयत्यासारखी वाकडी दिसतात, पण ती खरी पानं नव्हेत, पसरट झालेले देठ आहेत. तिचं अगदी नुकतं उगवलेलं रोप बघितलं तर पहिली एकदोन पानं बाभळीसारखी बारीक पिसांची असतात, मग ती बंद होतात आणि नुसते पसरट देठ यायला लागतात. मला स्वतःला हे रोप बघूनच ती विभागणी पटली.

तर फोडायचं ठरलं, पण अकेशिया हे मूळ नाव कुणाकडे राहणार? प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक टाइप ठरवलेला असतो, म्हणजे ती एक जात ज्या गटात जाईल त्याच गटात नाव जातं. अकेशियाचा टाइप होता बाभूळ. त्या हिशोबाने नाव बाभळीच्या गटाकडे, म्हणजे साधारण 160 जातींकडे राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियाच्या त्या हजारेक जातींना रॅकोस्पर्मा म्हणावं लागलं असतं. तिकडे हे कुणाला पचणारं नव्हतं. अकेशिया पिक्नँथा, म्हणजे त्यांचं गोल्डन वॅटल, हे 1988 पासून त्यांचं अधिकृत राष्ट्रीय फूल आहे. 2003 मध्ये ऑर्चर्ड आणि मॅस्लिन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी प्रस्ताव दिला की टाइपच बदला, ऑस्ट्रेलियन जात टाइप धरा, म्हणजे कमीत कमी नावं बदलावी लागतील. असं करायची सोय नियमावलीत आहेच, ती काही पळवाट नव्हे.

2005 ला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये हे मतदानाला आलं आणि इथेच खरा वाद झाला. जवळपास 55 टक्के मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, तरीही प्रस्ताव टिकला, कारण नावांचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीने आधीच त्याची शिफारस केली होती आणि ती फेटाळायला 60 टक्के लागतील असं धरलं होतं. आफ्रिकेतले शास्त्रज्ञ चिडले आणि माझ्या मते त्यांचं चिडणं बरोबर होतं. सवानातलं ते छत्रीसारखं झाड जगभर अकेशिया म्हणूनच ओळखलं जातं, आणि बहुमत बाजूने असून नाव गेलं. पुढे सहा वर्षं वाद चालला, 2011 ला मेलबर्नच्या काँग्रेसमध्ये तो निर्णय कायम राहिला आणि प्रकरण संपलं. फोडणं शास्त्राला धरूनच होतं, नाव कुणाला द्यायचं ते मात्र आकड्यांवर ठरलं, आणि ते मला आजही खटकतं.

बाभळीच्या गटाला मग पुढचं उपलब्ध जुनं नाव मिळालं, व्हॅचेलिया. याचा संबंध भारताशी आहे. मद्रासमधला ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन रॉबर्ट वाइट आणि त्याचा सहकारी आर्नॉट यांनी दक्षिण भारतातल्या वनस्पतींवर 1834 मध्ये ग्रंथ काढला, त्यात देवबाभळीसाठी ही प्रजाती केली होती, चीनकडे झाडं गोळा करणाऱ्या व्हॅचेल नावाच्या कंपनीच्याच पाद्र्याच्या नावावरून. (याच वाइटने त्याच्याकडे चित्रं काढणाऱ्या गोविंदूच्या नावाने एका ऑर्किडला गोविंदूइया म्हटलं होतं, ते नाव आता वापरात नाही याचं वाईट वाटतं.) 2008 मध्ये हर्टर आणि मॅबर्ली यांनी व्हॅचेलिया निलोटिका आणि सेनेगालिया कॅटेचू ही दोन्ही नावं प्रसिद्ध केली, आणि हिवर 2013 मध्ये व्हॅचेलिया ल्यूकोफ्लोइया झाला.

यामुळे झालंय असं की चिपळूण-सावर्डे भागात ज्याचा कात काढतात तो खैर अकेशिया नाही, बांधावरची बाभूळ अकेशिया नाही, आणि बाहेरून आणून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसच आहे. जुने फ्लोरा (एखाद्या भागातल्या वनस्पतींची नोंद असलेले ग्रंथ), वनखात्याचे रिपोर्ट, आयुर्वेदावरचे पेपर यांच्यात जुनीच नावं आहेत, त्यामुळे काही शोधायचं असेल तर दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागतच नाही. हर्बेरियममध्येपण, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदाच्या शीटवर चिकटवून ठेवतात त्या संग्रहात, असंच करतात, शीटवरची जुनी चिठ्ठी कुणी काढत नाही, शेजारी नवीन नावाची चिठ्ठी चिकटवतात आणि खाली सही-तारीख टाकतात.