टेक्सासमधलं क्रेप मर्टल: छाटणी आणि पुनर्लावणी

क्रेप मर्टल म्हणजे लॅगरस्ट्रोमिया इंडिका. आपल्या ताम्हणाचं हे भावंडच, वंश एकच, आणि मेंदी नि डाळिंब ज्या कुळात येतात तेच ह्याचंही कूळ. नावात इंडिका असलं तरी बागांमधून जगभर गेलं ते मुख्यतः चीनकडून. अमेरिकेत अठराव्या शतकाच्या शेवटी चार्ल्स्टनला पोचलं आणि दक्षिणेच्या उन्हात इतकं रमलं की 1997 मध्ये टेक्सासने त्याला राज्याचं झुडूप ठरवलं, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल आणि टेक्सासचं राज्यझुडूप दोन्ही एकाच घरातले. डॅलस, ह्यूस्टनकडे राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांसमोर हे झाड बिल्डरनेच लावून ठेवलेलं असतं. जून ते सप्टेंबर, बाहेर 38 अंशांच्या वर तापमान आणि लॉन पिवळं पडलेलं, तेव्हा ह्याला क्रेपच्या कापडासारख्या चुरगळलेल्या पाकळ्यांचे गुलाबी, पांढरे, जांभळे घोस येतात. चिनीत ह्याचं एक नाव शंभर दिवस लाल अशा अर्थाचं आहे आणि जपानीत माकड घसरतं अशा अर्थाचं, कारण साल सोलून गेल्यावर आतलं खोड अगदी हात फिरवावासा वाटेल इतकं गुळगुळीत असतं.

आता छाटणी. फेब्रुवारी आला की रस्त्यारस्त्याने दिसतं ते म्हणजे चांगली पंधरा फुटी झाडं छातीइतक्या उंचीवर सपाट कापलेली, नुसते खुंट उभे. तिकडे ह्याला क्रेप मर्डर म्हणतात आणि शब्द बरोबरच आहे. लोक करतात कारण शेजारी करतो, लँडस्केपवाले दरवर्षी करतात, आणि शिवाय गुलाबाचा नियम डोक्यात असतो की जितकं छाटू तितकी फुलं. ह्या झाडाला फुलं त्या वर्षीच्या नव्या फुटीवर येतात हे खरं, पण ती फूट झाड न कापताही भरपूर येते. बोडकं केलेल्या खुंटातून छडीसारखे लांब, बारीक धुमारे एका जागेतून दहा-बारा फुटतात, फुलायला उशीर होतो, आणि घोस मोठा आला की पहिल्या जोरदार पावसात धुमारा वाकून जमिनीला टेकतो किंवा बुडातूनच निखळतो. दरवर्षी तिथेच कापलं की त्या जागी मुठीसारखी गाठ तयार होते आणि ती परत सरळ होत नाही, हिवाळ्यात पानं झडल्यावर तेवढीच दिसत राहते.

खरी छाटणी थोडीच असते. हिवाळा सरताना, डोळे फुगायच्या आधी, बुडातले फुटवे काढायचे, तीन ते पाच चांगली खोडं ठेवायची, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या जिथून निघाल्यात तिथूनच काढायच्या, अर्धवट खुंट ठेवायचा नाही. घासणारी फांदी ओळखायला सोपी, जोडावर साल घासून तपकिरी चट्टा पडलेला असतो. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावायच्या आधी थांबून विचार करावा. वाळकी बोंडं राहिली तरी काही बिघडत नाही, पण उन्हाळ्यात पहिला बहर ओसरल्यावर घोस खुडले तर दुसरा बहर चांगला येतो. सप्टेंबरनंतर हिवाळा सरत येईपर्यंत मात्र कात्री लावू नये, कोवळी फूट थंडीत करपते. फेब्रुवारी 2021 च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासमधली बरीच झाडं जमिनीपर्यंत वाळली, पण त्यातली कितीतरी मुळापासून परत फुटली.

डॅलसजवळच्या रिचर्डसन गावात 2004 मध्ये ह्या झाडावर सालीला चिकटणारी पांढरी खवले कीड सापडली, ती आता दक्षिणेत बरीच पसरलीय. खोड काळं पडलं की लोक झाड कापायला निघतात पण ते काळं म्हणजे किडीच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी, मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने हिवाळ्यात खोड घासलं तरी बराच फरक पडतो.

बोडकं करण्यामागचं मूळ दुखणं बहुतेक वेळा जागेचं असतं. नॅचेझ नावाची पांढरी जात तीस फुटांपर्यंत जाते आणि ती खिडकीखाली लावलेली असते, मग दरवर्षी तिच्याशी मारामारी. त्यापेक्षा झाड एकदाच उचलून मोकळ्या उन्हात न्यावं आणि खिडकीखाली बुटकी जात लावावी, हे माझं ठाम मत.

उचलायची वेळ पानगळ झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिलनंतर जमिनीतलं झाड हलवू नये, मुळं तुटलेली आणि वरून ऊन, पानांना पाणी पुरतच नाही. खोडाच्या प्रत्येक इंच जाडीला 10 ते 12 इंच रुंद मातीचा गोळा धरायचा, म्हणजे दोन इंची खोडाला जवळपास दोन फूट, आणि डॅलसकडच्या काळ्या चिकण मातीत तो दोघांनाही उचलत नाही, ताडपत्रीवर घेऊन ओढत न्यावा लागतो. खोदण्याआधी 811 ला फोन करायचाच, गॅसची नि विजेची लाइन कुठून गेलीय ते फुकट खुणा करून देतात. नवा खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोल तेवढाच, खोड जिथे पसरून मुळात उतरतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. आधी खड्ड्यात पाणी भरून ठेवावं, सकाळी तसंच साचलेलं दिसलं तर झाड थोडं उंचवट्यावर बसवावं. काढलेलीच माती परत भरायची, खत लगेच नको. वरून तीन इंच मल्च, म्हणजे पालापाचोळ्याचं किंवा सालीच्या तुकड्यांचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. मुळं तुटली म्हणून वरचा तिसरा हिस्सा कापायचा हा सल्ला जुना झाला, मोडक्या फांद्या सोडून काही कापू नये, नवी मुळं पानांच्याच जिवावर वाढतात.

पहिल्या उन्हाळ्यात स्प्रिंकलरवर भागत नाही. पाइप बारीक धारेवर बुडाशी सोडून माती खोलवर भिजू द्यायची, परत कधी द्यायचं ते बोट खुपसून ठरवायचं, दोन इंचांवर कोरडं लागलं तर द्या. त्या वर्षी फुलं कमी येतील, चालतं. आणि जुन्या जागी तुटून राहिलेल्या मुळांतून वसंतात नवे फुटवे येतात, ते नको असतील तर बुडातून ओढून काढावेत, हवे असतील तर पुढच्या हिवाळ्यात मुळासकट उचलून कुणाला तरी देता येतात, झाड कलमी नसेल तर रंग अगदी तोच निघतो.