नवरीची एंट्री आणि रॅम्पवरचा लुक

"दादा, मुलगी सरळ आपल्याकडेच चालत येते ना? मग त्यात अवघड काय?"

माझ्याकडे फोटोग्राफीच्या कामाला येणारा प्रत्येक मुलगा हे एकदा तरी विचारतो. ठाणे-डोंबिवलीच्या मंगल कार्यालयांत पाच-सहा सीझन काढलेले असतात, हात बसलेला असतो आणि आता फॅशन वीकचा पास हवा असतो. फुलांच्या चादरीखालून मामाचा हात धरून येणारी नवरी आपण शंभरदा टिपली, रॅम्पवरची मॉडेलही तशीच येते, शिवाय मध्ये कुणी काका मोबाईल उंचावून उभे राहत नाहीत, म्हणजे काम उलट सोपंच, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब ऐकून ऐकून मी थकलो आहे. दोन्ही कामं मी करतो, दोन्हींवर माझं प्रेम आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

लग्नाचं तुम्हाला मी काय सांगणार. अंतरपाट खाली येताना कुठे उभं राहायचं, अक्षता पडायच्या आधी फोकस कुठे लावून ठेवायचा, पाठवणीच्या वेळी मुलीच्या चेहऱ्यावर राहायचं की बापाच्या, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. ते सोडून पुढे जाऊ.

आधी एक किरकोळ गोंधळ मिटवतो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर मॉडेलला बसवून काढलेले फोटो म्हणजे रॅम्पचं काम नव्हे. मासिकासाठी गोष्ट रचून काढतात ते एडिटोरियल. दुकानाला, वेबसाइटला कपडा नीट दिसावा म्हणून काढतात तो कॅटलॉग किंवा लुकबुक. तिथे तुम्ही मॉडेलला थांबवू शकता, मान वळवायला सांगू शकता, पदर पुन्हा सोडायला लावू शकता. रॅम्पवर तुमचा शब्द चालत नाही. ती येते, थांबते, वळते, जाते. पोर्टफोलिओत हे सगळं एकाच पानावर 'फॅशन' म्हणून चिकटवू नका, बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं.

जागेचा फरकही लगेच समजतो. लग्नात तुम्ही फिरता, रॅम्पवर खिळलेले असता. रॅम्पच्या टोकाला फोटोग्राफरांसाठी पायऱ्यांचा मचाण असतो, त्याला सगळे पिट म्हणतात. शोच्या बरंच आधी जाऊन टेपने जागा धरायची आणि मग शो संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. दोन्ही बाजूंना माणसांचे खांदे टेकलेले असतात, म्हणून ट्रायपॉड नव्हे, एका पायाचा मोनोपॉड. मागच्या रांगेत असाल तर उभं राहायला ॲल्युमिनियमची पेटी. पहिल्या ओळीतले पाहुणे पायावर पाय टाकून बसले की त्यांचे बूट रॅम्पच्या कडेवर येतात, मग सगळा पिट एका आवाजात ओरडतो, "पाय आत!" पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण तुम्हीही ओरडा. त्यात उद्धटपणा नाही, आणि तो बूट फोटोत आला तर नंतर पुसत तुम्हालाच बसावं लागेल.

आता खरा फरक. याच्यापायी चांगले चांगले हात आपटतात, माझाही आपटला.

लग्नात फोटो माणसाचा असतो. शालू कितीही भारी असला तरी तो त्या मुलीच्या त्या दिवसाचा भाग म्हणून फोटोत येतो. तिचे डोळे भरले आणि काठ चौकटीबाहेर गेले, तर कुणी तक्रार करत नाही, उलट तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावतात. रॅम्पवर फोटो कपड्याचा असतो. मॉडेल तो वाहून आणते. तिचा चेहरा महत्त्वाचा आहे, डोळे मिटलेले चालत नाहीत, पण चौकटीचा मालक तो कपडा. हे ऐकायला सोपं वाटतं आणि मुलं मानही डोलावतात. पण इतक्या वर्षांची सवय बोटात असते, आणि बोट चेहऱ्यावरच दाबतं.

माझा पहिला मोठा शो परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात झाला. रॅम्पवर येणारा एकेक पूर्ण पोशाख म्हणजे एक लुक. बाविसाव्या लुकला पैठणीचे काठ लावलेला घोट्यापर्यंतचा लांब कोट होता, समोरून उघडा, आत अरुंद सलवार. मुलीचा चेहरा विलक्षण होता, वरून येणारा प्रकाश गालाच्या हाडावर नेमका बसत होता. मी तिचे अकरा फोटो काढले. रात्री डिझायनरच्या ऑफिसातून फोन आला, "बावीस नंबरचा फुल लेंग्थ पाठवा." माझ्याकडे अकरा चेहरे होते. कोटाचा तळ, ज्या काठासाठी येवल्याच्या मागावर कुणीतरी कित्येक दिवस बसलं असेल, तो एकाही फोटोत नव्हता. त्यांनी फार शांतपणे "ठीक आहे" म्हटलं आणि दुसऱ्या फोटोग्राफरकडून तो फोटो घेतला. ते "ठीक आहे" मला अजून ऐकू येतं.

म्हणून पहिला नियम नखशिखांत. प्रत्येक लुकचा डोक्याच्या केसापासून बुटाच्या टाचेपर्यंत एक स्वच्छ उभा फोटो. तो हातात आला की मग कमरेवरचा, मग भरतकामाचा, मग पाठीचा. आधी काय आणि नंतर काय, यात बदल नाही. यामागे साधं गणितही आहे. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 70-200 मिलिमीटरची झूम लेन्स 200 ला ठेवली तर दहा मीटरवर उभ्या चौकटीत 1.8 मीटर उंची मावते. मॉडेल पाच फूट नऊ इंच, म्हणजे 1.75 मीटर. वर हील्स आणि केसांचा अंबाडा. पाय कापले गेलेच. तीच मुलगी बारा-तेरा मीटरवर असताना दाबा, नाहीतर लेन्स 150 वर आणा. माझी पद्धत अशी, की रिहर्सलच्या वेळीच रॅम्पवरची एक खूण डोळ्यांत धरून ठेवायची, फरशीचा सांधा असो की कडेच्या दिव्याचा खांब. त्या खुणेवर पाय पडला की नखशिखांत फोटो घ्यायचा. पुढे ती जवळ येत राहते आणि मी झूम मागे घेत राहतो.

आणि पाऊल. लग्नात आपण क्षणाची वाट बघतो, रॅम्पवर पावलाची. चालणारं माणूस समोरून बघा. एक पाय दुसऱ्याला ओलांडत असतो तेव्हा एक गुडघा वाकलेला, एक पाय दुसऱ्यामागे लपलेला, घेर मधोमध चुरगळलेला. त्या फोटोत मुलगी लंगडते आहे असं वाटतं, आणि कपडा चुकीचा शिवलाय असं वाटतं. पुढचा पाय टेकून वजन नुकतंच त्यावर आलेलं, मागची टाच उचललेली, तिथे दोन्ही पाय दिसतात, कंबरेची रेघ उघडते, घेर पुढे झेपावतो. कापड हलकं आहे की जड, सुळसुळीत आहे की कडक, हे त्या एका फ्रेममध्ये कळतं. डिझायनरला तेवढंच हवं असतं. एक पाऊल साधारण अर्ध्या सेकंदाचं. त्यातला उपयोगाचा भाग फार थोडा.

"मग बर्स्ट लावायचा ना दादा." हेही ठरलेलं. बर्स्ट म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो. लावा, पण आधी हिशेब करा. सेकंदाला 20 फ्रेम, एक मॉडेल 20 सेकंद रॅम्पवर, 40 लुक. झाले 16,000 फोटो, पंधरा मिनिटांत. लग्नाच्या निवडीला तुम्हाला आठवडे मिळतात, इथे पहिले फोटो शो संपताच मागतात. बोट दाबून ठेवणाऱ्या माणसाला पाऊल कधीच कळत नाही. तीन-चार फ्रेमचा छोटा झटका, पाऊल पडताना, बस्स.

बाकीचे बरेच फरक या एका गोष्टीतूनच निघतात. लग्नात आपण ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, पार उघडतो, मागचे दिवे विरघळतात, चेहरा उठतो, छान दिसतं. रॅम्पवर दहा मीटरवर 200 ला ॲपर्चर 2.8 ठेवलंत तर जेमतेम 40 सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते. डोळे टोकदार आणि मागे लोळणारा घेर धूसर. 4 वर जा, साठेक सेंटिमीटर मिळतात. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा सावकाश ठेवू नका. चाल सावकाश वाटते पण झालर सावकाश हलत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. दाणा दिसला म्हणून कुणी फोटो परत केलेला मी पाहिला नाही, हललेली झालर मात्र परत येते.

प्रकाशाचंही तसंच. कार्यालयात पिवळे दिवे, जांभळे एलईडी, वर व्हिडिओवाल्याचा प्रखर लाइट, त्यात आपण फ्लॅश छताला बाउन्स करून वाट काढतो. रॅम्पवर फ्लॅश चालत नाही, त्याची गरजही नाही. तिथला प्रकाश बसवलेला असतो. रिहर्सलला एकदा मोजा, मॅन्युअलवर कायम करा, व्हाइट बॅलन्सचा आकडाही ठरवून कुलूप लावा आणि मग हात लावू नका. उजेडाचा हिशेब कॅमेऱ्यावर सोडून ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवणाऱ्याचं काय होतं सांगतो. काळा गाऊन आला की कॅमेरा फोटो उजळतो, मुलीचा चेहरा पांढराफटक. मागोमाग पांढरा आला की सगळं अंधारतं. कपडे बदलतात, दिवे तेच आहेत. कॅमेऱ्याला हे कळत नाही, तुम्हाला कळायला हवं. एलईडीमुळे पट्टे येत असतील तर फ्लिकर कमी करायची सोय बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत आहे, ती रिहर्सललाच तपासा.

आणि तो सोनेरी प्रीसेट, एका क्लिकने फोटोचे रंग बदलणारा. लग्नाच्या अल्बमला तो लावा, मला आवडत नाही पण लोकांना आवडतो. रॅम्पच्या फोटोला लावलात तर राणी रंगाचा विटकरी होतो आणि मोरपंखीचा शेवाळी. रंगाऱ्याकडे दहादा खेपा घालून डिझायनरच्या लोकांनी तो रंग मिळवलेला असतो. तो तुमच्या एका क्लिकने बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. तिरकी चौकटही नको. कपड्याची लंब रेघ कशी पडते हे दाखवायचं असताना क्षितिज वाकवणं मला अजिबात सहन होत नाही.

मागचं दृश्य मोहात पाडतं हेही खरं. 30 मार्च 2023 ला पॅरिसच्या दिओर या फॅशन ब्रँडने गेटवे ऑफ इंडियाला शो केला. मागे उजळलेली कमान, तिला मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टने केलेलं भलंमोठं भरतकामाचं तोरण. लग्नाची सवय असलेला डोळा आधी ती कमान पूर्ण बसवायला धावतो. असा एक फोटो हवाच, तो घ्या. पण चाणक्यच्या कारागिरांचं काम त्या कपड्यांवरही होतं, आणि मुंबईत सुई धरून बसलेल्या हातांचं काम मुंबईच्या फोटोग्राफरच्या फोटोत दिसू नये, हे मला पटत नाही.

शोस्टॉपरच्या, म्हणजे शोच्या शेवटच्या लुकच्या बाबतीतही हीच गफलत होते. शेवटी सिनेमातलं कुणी आलं की सगळे चेहऱ्यावर तुटून पडतात. वर्तमानपत्राला तो चेहरा हवा असतो, हे मान्य. पण तोही एक लुक आहे, त्यालाही नंबर आहे, त्याचाही तळ हवा. आधी नखशिखांत, मग चेहरा.

पैसे लग्नातच जास्त आहेत, यात लपवण्यासारखं काही नाही. रॅम्पमुळे लग्न सोडायची गरजही नाही. फॅशन वीक साधारण मार्च आणि ऑक्टोबरात येतात, तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त त्यांच्या आड येत नाहीत. हक्कांचं मात्र वाचून ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे लग्नाचे फोटो त्या कुटुंबाचे, आणि डिझायनरने पैसे देऊन नेमलं असेल तर रॅम्पचे डिझायनरचे. कुणाकडूनही पैसे न घेता, कुणाच्या नोकरीत नसताना, स्वतःच्या पासवर काढलेले फोटो तुमचे. पोर्टफोलिओत वापरायची परवानगी करारात लिहून घ्या, तोंडी नको.

सुरुवात मोठ्या शोने करू नका. खारघरला निफ्ट ही फॅशनची संस्था आहे, जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींच्या शोसाठी विचारून बघा. वर्षभर राबून केलेल्या चार-पाच लुकांचे धड फोटो त्यांना मिळाले तर त्यांचं काम पुढे सरकतं, आणि तुमची चूक कुणाच्या मोठ्या पैशांवर पडत नाही. लेन्स विकत घेऊ नका, अंधेरीत दिवसाच्या भाड्याने मिळते.

त्याआधी एक करा. बहिणीला किंवा असिस्टंटला घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर जा. नऊवारी नको, त्यात पाय मोकळे दिसतात. पायघोळ घेराचा घागरा हवा. एका टोकाला मोनोपॉड लावा, गच्ची पुरेल तेवढ्या लांबून तिला वीस वेळा चालत यायला सांगा. बर्स्ट बंद. प्रत्येक फेरीत एकच क्लिक, खुणेवर, पाऊल टेकताना. मग संगणकावर वीसही फोटो शेजारी शेजारी लावा आणि चेहऱ्यांवर कागद धरून फक्त कमरेखाली बघा. किती फोटोंत दोन्ही पाय दिसतात, किती फोटोंत घागऱ्याची कड पूर्ण आहे, ते मोजा. माझे पहिल्या दिवशी वीसातले तीन निघाले होते. पंधरा निघायला लागले की मला फोन करा, मार्चच्या शोला मला बरोबर एक माणूस लागतो.